गळ्यावरचं पुरळ आणि दाढीचा ब्रश

काका, नमस्कार. मी २४ वर्षांचा आहे. मूळ चिपळूणचा, नोकरीमुळे सध्या वाघोलीत तीन मित्रांबरोबर राहतो. कॉलेजपासून डब्यातला फोम आणि कार्ट्रिजचा रेझर वापरत होतो. गळ्यावर सारखं पुरळ येतं, म्हणून सेफ्टी रेझर घेतला आणि ब्रशने फेस करून दाढी करायचं ठरवलं. बाबांनी त्यांच्याकडचा जुना ब्रश दिला, पण तो गालाला इतका टोचतो की ठेवूनच दिला. आजोबा माळकरी आहेत, डुकराच्या केसांचा ब्रश घरात आणू नकोस म्हणाले. मलाही कुठल्याच प्राण्याचे केस नको आहेत. म्हणजे सिंथेटिकच घ्यायचा. पण बघायला गेलो तर २२, २४, २६, २८ मिलिमीटर, टक्सेडो, कॅशमीअर, प्लिसॉफ्ट असं काय काय आहे, डोकं चालेना. माझी कातडी नाजूक आहे, तेव्हा सगळ्यात मऊ असेल तोच घ्यावा असं वाटतं. हजार रुपयांपर्यंत खर्च करीन. आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, त्यात फेस नीट होत नाही, त्यावरही काही सांगा. आणि गणपतीला घरी जाईन तेव्हा आजोबांसाठीही एक ब्रश न्यायचं मनात आहे. त्यांचे हात आता थोडे थरथरतात. त्यांच्यासाठी कुठला नेऊ?

एक वाचक, वाघोली

प्रिय मित्रा,

सगळ्यात मऊ ब्रश घेऊ नकोस. तुझ्या कातडीचा विचार करूनच हे सांगतोय. आज जे बरे सिंथेटिक ब्रश मिळतात त्यांची टोकं सगळ्यांचीच मऊ असतात. त्यात डावं-उजवं करायला गेलास तर गालाला फारसा फरक कळणारही नाही. गालाला कळतं ते हे, की ब्रश दाबल्यावर उभा राहतो की आडवा पडतो. आडवा पडणारा ब्रश फेस वरच्यावर पसरवतो. खुंटांच्या मुळाशी पाणी आणि साबण पोचवायला केसांत थोडा जोर लागतो. मुळाशी ओल पोचली नाही की खुंट कडक राहतात, पातं अडखळतं, आपण नकळत हात दाबतो, तीच जागा पुन्हा पुन्हा ओढतो, आणि गळ्यावर लाल पुरळ उठतं. मऊपणाच्या मागे लागून तू तुझा मूळ त्रासच वाढवून घेशील, अशी मला काळजी वाटते.

बाबांचा ब्रश का टोचतो तेही समजून घे, कारण सिंथेटिकची धास्ती बऱ्याच जणांच्या मनात अशाच एखाद्या ब्रशने बसवलेली असते. नायलॉनचे केस बाजारात पहिल्यांदा आले ते अमेरिकेत, १९३८ साली, आणि तेही दात घासायच्या ब्रशात. पुढे तसलेच तंतू दाढीच्या ब्रशातही आले. ते जाडे होते, बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच जाडीचे, आणि शेंडा सरळ कापलेला. प्राण्याचा केस टोकाकडे निमुळता होत जातो, म्हणून तो तितका टोचत नाही. जनरल स्टोअरमध्ये ब्लेडच्या पाकिटांशेजारी टांगलेले स्वस्त प्लॅस्टिकचे ब्रश अजूनही पुष्कळदा त्या जुन्या घडणीचे असतात. बाबांचा ब्रश तसाच असेल, तर त्यांच्या गालांना इतक्या वर्षांत त्याची सवय झाली आहे, तुझ्या गालांना होण्याची काही गरज नाही.

आताच्या चांगल्या ब्रशातले तंतू बहुतेक पॉलिएस्टरच्या कुळातले असतात, पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकचे. ते फार बारीक काढता येतात आणि त्यांची टोकं रसायनात बुडवून निमुळती करता येतात. सगळा फरक त्या टोकांनी केला. जर्मनीत सॅक्सनीमधल्या श्ट्युट्झेनग्र्युन गावची म्यूले ही कंपनी १९४५ सालची, आणि पॅरिसची प्लिसाँ तर १८०८ सालची. दोघीही प्राण्यांच्या केसांच्या ब्रशावर मोठ्या झाल्या, आणि आज दोघीही सिंथेटिक ब्रश उजळ माथ्याने विकतात. तुझ्या यादीतलं प्लिसॉफ्ट हे नाव त्या प्लिसाँच्याच ब्रशावरून पडलं आहे. तसे तपकिरी, उसळी मारणारे तंतू इतर कारखान्यांनीही वापरायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. टक्सेडो म्हणजे काळे केस आणि पांढरे शेंडे. कॅशमीअरचा त्या लोकरीशी काडीचा संबंध नाही, ते विक्रीसाठी ठेवलेलं नाव आहे.

या नावांवर पैसे लावू नकोस. एकाच नावाचा तंतू दोन कारखाने वापरतात, एक दाट भरतो आणि दुसरा विरळ, आणि हातात येणाऱ्या वस्तू अगदी वेगळ्या असतात. लक्ष द्यायचं ते दोन आकड्यांकडे.

पहिला आकडा तू लिहिलेलाच आहेस. २२, २४, २६ म्हणजे केस दांड्यातून जिथे बाहेर येतात तिथे त्या झुबक्याचा व्यास. दुसरा आकडा जाहिरातीत पुष्कळदा लिहीतच नाहीत, किंवा कुठेतरी खाली दडवतात: दांड्याच्या काठापासून केसांच्या शेंड्यापर्यंतची उंची. तिला लॉफ्ट म्हणतात. ब्रश ताठ की लोळणारा हे ठरतं या दोन आकड्यांच्या मेळावर. २४ चा झुबका ५० मिलिमीटर उंच असेल तर तो चेहऱ्यावर उभा राहतो. तोच २४ चा झुबका ६० मिलिमीटर उंच ठेवला, की तेच तंतू असूनही तो गालावर लोळण घेतो. माझा स्वतःचा अंदाज असा की उंची व्यासाच्या दुपटीच्या आसपास असावी आणि सव्वादोन पटीच्या पुढे जाऊ नये. उंची लिहिलेली नसेल तर विक्रेत्याला विचार. त्यालाही सांगता येत नसेल तर तो ब्रश सोडून दे, दुसरे पुष्कळ आहेत.

तिसरी गोष्ट आहे दाटपणा, आणि तिला आकडा नाही. ब्रश हातात घेऊन बघायची सोय असेल तर झुबका बुडाशी चिमटीत धर आणि दाब. चांगला भरलेला असेल तर बोटांना भरीव लागतो. हलका भरलेला असेल तर बोटं एकमेकांच्या जवळ येतात. मग कोरडाच ब्रश तळहातावर टेकवून हळू गोल फिरव. शेंडे फाकले पाहिजेत, पण मधून तळहाताला दांड्याचा कडक काठ लागता कामा नये. हात उचलल्याबरोबर केस झटकन जागेवर यायला हवेत.

आकाराबद्दल जास्त विचार करू नकोस. दोनच मुख्य आकार असतात, वर गोलसर फुगलेला आणि पंखा पसरावा तसा उघडणारा. थेट चेहऱ्यावर फेस करायचा असेल तर गोलसर बरा, तो एका जागी राहतो. तुम्ही चौघे एका फ्लॅटमध्ये, न्हाणीघर बहुधा एकच, बेसिनच्या कडेला वाटी मांडून फेस घोटत बसायला सकाळी कोण देणार? तू चेहऱ्यावरच फेस कर. त्याचा आणखी एक फायदा म्हणजे ब्रश फिरत असताना खुंट उभे राहतात आणि भिजत राहतात.

तेव्हा तुझ्यासाठी माझं उत्तर असं: २४ मिलिमीटर व्यास, ५० ते ५३ मिलिमीटर उंची, गोलसर डोकं, दाट भरलेला झुबका, आणि रेझिनचा किंवा चांगल्या प्लॅस्टिकचा दांडा. २८ चा ब्रश जाहिरातीत भारदस्त दिसतो, पण नाकाखाली आणि कल्ल्यांपाशी तो आवरत नाही, ओठांत आणि कानांत साबण जातो, क्रीमही जास्त खातो. २२ चाही चालेल, चेहरा लहान असेल तर अधिक चांगला चालेल. याकी या चिनी कंपनीचे २४ चे ब्रश आणि पर्ल या भारतीय कंपनीचे सिंथेटिक ब्रश तुझ्या पैशांत किंवा त्याच्या आसपास मिळायला हरकत नाही. घेताना त्या नेमक्या नगाची उंची बघ, एवढंच. चार-पाच हजारांच्या युरोपीय ब्रशात घडण सुबक मिळते, दांडा देखणा मिळतो. फेस मात्र हजाराच्या ब्रशातही तेवढाच चांगला होतो.

दांडा लाकडी घेऊ नकोस. तू पावसाळ्यात चिपळूणला जाणार, तिथे भिंतींना ओल येते तिथे लाकडाची काय कथा. पाणी धरून ते फुगतं आणि केसांचा झुबका जिथे चिकटवलेला असतो तिथे भेगा पडतात. धातूचा दांडा साबणाच्या हातातून निसटतो. मध्ये बारीक कंबर असलेला दांडा बोटांत छान बसतो. ब्रश टांगायचा स्टँड सोबत विकत असतील तर तो सोडून दे. सिंथेटिक ब्रश झटकून उभा ठेवला तरी वाळतो, ते पैसे चांगल्या क्रीमसाठी ठेव.

ब्रश घरी आल्यावर दांड्यात झुबका सरळ बसलाय ना, काठाला सुकलेला गोंद दिसत नाही ना, ते बघ. भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब घेऊन एकदा धुऊन टाक, म्हणजे कारखान्यातला वास आणि तेलकटपणा जाईल. पहिल्या काही वेळा दोन-चार केस गळतील, ते होतंच. पण दोन आठवड्यांनंतरही रोज फेसात केस सापडत असतील तर चिकटवण्यात दोष आहे, सरळ परत कर.

आता वापरायची रीत. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सिंथेटिक ब्रश वाईट निघाला म्हणणाऱ्या बहुतेकांचा ब्रश चांगलाच असतो, रीत तेवढी चुकलेली असते. प्राण्याचा केस स्वतः पाणी पितो, म्हणून जुनी माणसं दाढीच्या आधी ब्रश मगात भिजत घालत. सिंथेटिक तंतू पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी राहतं ते तंतूंच्या मधल्या फटींत, आणि ब्रश दाबला की ते सगळं एकदम बाहेर येतं. ओथंबलेला ब्रश गालावर ठेवलास तर क्रीम वाहून जाईल आणि पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येईल. म्हणून ब्रश नळाखाली नुसता ओला कर, मुठीत धरून पिळ, वर एक-दोन झटके दे. भिजत ठेवायची गरज नाही.

त्याआधी चेहरा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं ओला ठेव. आंघोळ करून लगेच दाढी केलीस तर फारच उत्तम. दाढीचा केस मऊ होतो तो पाण्याने. क्रीम आणि फेस यांचं काम ते पाणी केसावर टिकवून ठेवायचं आणि पात्याला घसरायला जागा द्यायची. करंगळीच्या अर्ध्या पेराएवढं क्रीम ब्रशाच्या मधोमध घे. सिंथेटिकमध्ये फेस अडकून राहत नाही, जेवढा होतो तेवढा बाहेर येतो, त्यामुळे क्रीम कमी पुरतं. ब्रश गालावर हळू गोल फिरवायला लाग. हळू म्हणतो, कारण हे तंतू उसळतात आणि घाईने फिरवलेस तर आरशावर शिंतोडे जातात. सुरुवातीला फेस जाड, चिकट, थोडा कोरडा वाटेल. आता फक्त शेंडे पाण्यात टेकव आणि पुन्हा फिरव. पुन्हा टेकव, पुन्हा फिरव. पाण्याचे मोठे बुडबुडे दिसेनासे होतात, फेस घट्ट फेटलेल्या दह्यासारखा होतो, ओढला तर चकाकतो. तिथे थांब. शेवटी गोल फिरवणं बंद करून वरून खाली, खालून वर असे रंगाच्या ब्रशासारखे हलके हात मार, म्हणजे थर सारखा बसेल.

ब्रश बुडापर्यंत दाबून चिरडू नकोस. काम शेंड्यांचं आणि त्यांच्याखालच्या थोड्या भागाचं आहे. साबणाची वडी वापरणार असशील तर वडीवर आधी पाण्याचे चार थेंब टाक, ब्रश अर्धा मिनिटभर त्यावर फिरव, मग चेहऱ्यावर ये.

टँकरच्या पाण्याचं तू विचारलंस ते बरं केलंस. वाघोलीत येणारं टँकरचं पाणी पुष्कळदा बोअरचं असतं आणि बोअरचं पाणी जड असतं. नळाच्या तोटीवर आणि बादलीला पांढरे डाग पडतात ना, तेच ते क्षार. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा चोथा तयार करतं, साबण तिथेच खर्ची पडतो आणि फेसासाठी उरत नाही. तुझा ब्रश कितीही चांगला असला तरी या पाण्यात फेस दोन मिनिटांत बसेल. उपाय अगदी साधा आहे. फेस करायला पाणी लागतं ते जेमतेम अर्धी वाटी. घरात पिण्याच्या पाण्याला आरओ फिल्टर असेल तर तेवढं त्याचं घे. ब्रशही त्याच पाण्यात ओला कर. चेहरा धुवायला आणि रेझर खळबळायला टँकरचं पाणी चालेल. आरओ नसेल तर पाणी चांगलं उकळून थंड होऊ दे आणि वरचं निवळ तेवढं घे. क्षारांचा काही भाग उकळल्यावर खाली बसतो. पाण्यात तुरटी फिरवून उपयोग होईल असं कुणी सांगेल. तुरटीने गाळ खाली बसतो, पाण्याचा जडपणा तसाच राहतो.

हेच क्षार आणि साबणाचा चोथा ब्रशाच्या बुडाशी साठतात आणि केस पांढरट, राठ वाटू लागतात. महिन्यातून एकदा शाम्पूने धू. तरीही राठपणा गेला नाही तर कपभर पाण्यात अर्धा चमचा लिंबूसत्त्व किंवा चमचाभर व्हिनेगर घालून ब्रशाचे शेंडे खाली करून पाचेक मिनिटं धर आणि साध्या पाण्याने खळखळून घे. उकळतं पाणी ब्रशाला कधीही लावू नकोस, तंतू वाकडे होतात आणि आतला गोंद सैल पडतो. हाताला सोसेल तेवढंच कोमट.

पावसाळ्यात सिंथेटिकची खरी किंमत कळते. प्राण्याच्या केसाचा ब्रश एरवीच वाळायला वेळ घेतो, आणि कोकणातल्या श्रावणात तर आदल्या दिवशीचा ओला ब्रश दुसऱ्या दिवशी तसाच दमट हातात येतो, हळूहळू कुबट वास धरतो. सिंथेटिक झटकून उघड्यावर ठेवला की काही तासांत कोरडा होतो. प्रवासात ओला असताना डबीत मात्र कोंडू नकोस; टॉवेलवर टिपून मगच बॅगेत टाक. आणि तो आहे प्लॅस्टिकच, हे ध्यानात ठेवून एकच घे आणि तो वर्षानुवर्षं वापर. दर सहा महिन्यांनी नवा रंग आला म्हणून घ्यायची ही वस्तू नाही.

गळ्यावरच्या पुरळाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. ब्रशाने तुला मदत होईल, पण सगळं त्याच्यावर सोडू नकोस. दाढी चार दिवस वाढू दे आणि मग गळ्यावरून बोटं वेगवेगळ्या दिशांनी फिरवून बघ. ज्या दिशेने बोट सुळकन जातं तो केसांचा सुलटा कल. गळ्यावर तो गालांसारखा सरळ खाली क्वचितच असतो. पुष्कळांचे केस आडवे किंवा खालून वर वाढतात, आणि आपण सवयीने गालावरचाच हात गळ्यावर चालवतो. सेफ्टी रेझर सुलटाच चालव, गळ्यावर उलटा हात निदान काही महिने मारू नकोस. रेझरच्या वजनानेच केस कापले गेले पाहिजेत, हाताचा दाब नको. पातं खेचायला लागलं की टाकून दे; ब्लेड हजार रुपयांच्या ब्रशापुढे फार स्वस्त आहे. कुरळे केस असतील तर अगदी गुळगुळीत दाढीचा नाद सोड. मुळाशी कापलेला कुरळा केस परत कातडीत शिरतो आणि तिथे गाठ येते.

पुरळ उठलेलं असताना त्या जागी ब्रश गोल घोळवू नकोस, वरून हलका हात मारून फेस लाव. ब्रश मित्रांना वापरायला देऊ नकोस, तुम्ही कितीही जवळचे असलात तरी. फोडांत पू असेल, काळे डाग किंवा टणक गाठी राहत असतील, तर तीन-चार आठवडे दाढी वाढू दे आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. त्यात ब्रश बदलून काही होत नाही.

आता आजोबा. त्यांच्यासाठी ब्रश न्यायचं तुझ्या मनात आलं याचा मला मनापासून आनंद झाला.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. त्यांचा सध्याचा ब्रश जुना असेल तर तो डुकराच्या केसांचा असण्याची बरीच शक्यता आहे. एके काळी दाढीच्या स्वस्त ब्रशांत ते केस सर्रास असत आणि ब्रशावर तसं लिहिलेलं नसे. ओळखायचं असेल तर एक गळलेला केस चिमट्यात धरून काडीची ज्योत दाखव. प्राण्याचा केस असेल तर जळक्या केसांचा वास येतो आणि चिमटीत चुरडणारी राख राहते. सिंथेटिक असेल तर तंतू वितळून टोकाला कडक गोळी होते. बाबांच्या ब्रशावर हा प्रयोग खुशाल कर. आजोबांच्या ब्रशावर करू नकोस असं मी म्हणेन. आयुष्यभर माळ सांभाळलेल्या माणसाला, तुम्ही रोज गालावर काय फिरवत होतात, हे आज सांगून काय मिळणार? नवा ब्रश प्रेमाने हातात दे, जुना आपोआप बाजूला पडेल. पण त्यांनी स्वतः विचारलं तर मात्र खोटं बोलू नकोस.

याच ओघात आणखी एक. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे जुन्या घडणीचे सुंदर दांडे असलेले ब्रश कधीतरी दिसतात. तिथून आजोबांसाठी किंवा स्वतःसाठी जुना, प्राण्याच्या केसांचा ब्रश उचलू नकोस. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांतून ब्रिटन आणि अमेरिकेत सैनिकांना आणि नागरिकांनाही अँथ्रॅक्स झाला होता, आणि त्या रोगाचे बीजाणू फार काळ टिकतात. आज नव्या ब्रशात ती भीती राहिलेली नाही, पण कुठला, कधीचा, कुणी वापरलेला हे माहीत नसलेला ब्रश चेहऱ्याला लावायचं कारणच काय?

आजोबांसाठी निवड तुझ्याहून वेगळी ठेव. त्यांची कातडी पातळ आणि सैल झालेली असणार, तिला ताठ ब्रशाचा रेटा नको. २६ मिलिमीटरचा झुबका आणि उंची ५६-५८, म्हणजे थोडा लवणारा, घे. त्यांच्या बाबतीत तुझा मऊपणाचा हट्ट अगदी योग्य आहे. दांडा मात्र नीट निवड. जाडसर, हलका, कंबर असलेला, पकडायला सोपा, आणि गुळगुळीत चकचकीत नसलेला. थरथरत्या हाताला बारीक दांडा घट्ट आवळून धरावा लागतो आणि थरथर आणखी वाढते. फेस चेहऱ्यावर करण्याऐवजी वाटीत करू दे. वाटी रुंद बुडाची आणि जड असावी, तिच्याखाली ओला पंचा दुमडून ठेवला की ती सरकत नाही. उभं राहून दाढी करत असतील तर आरसा खाली लावून खुर्चीची सोय कर. चिपळूणचं पाणी हलकं लागलं तर क्रीम इथल्यापेक्षा कमी लागेल, हे त्यांना सांग.

तुझं बघून त्यांना सेफ्टी रेझर मात्र देऊ नकोस. हात थरथरत असताना कार्ट्रिजचाच रेझर बरा, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून इलेक्ट्रिक ट्रिमर. ब्रश आणि फेस यांचा आनंद त्यांना कुठल्याही रेझरबरोबर घेता येईल.

शेवटची गोष्ट क्रीमची, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ब्रश प्राण्याच्या केसांचा नको म्हणून आपण एवढं बघतो, पण दाढीच्या साबणातही चरबी असू शकते. परदेशी साबणांत जनावरांची चरबी पुष्कळ वापरतात, फेस दाट होतो म्हणून. घटकांच्या यादीत टॅलो किंवा सोडियम टॅलोएट लिहिलं असेल तर ती जनावराची चरबी समज. स्टिअरिक आम्ल मात्र वनस्पतींच्या तेलापासूनही मिळतं आणि चरबीपासूनही, त्यामुळे त्या नावावरून काही कळत नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ क्रीमच्या ट्यूबवर आणि खोक्यावर हिरवा ठिपका छापलेला असतो. आजोबांसाठी घेशील ते क्रीम तो ठिपका बघूनच घे, आणि वास सौम्य असलेलं घे. मेंथॉलचा थंडावा तुला आवडला तरी पातळ कातडीला तो झोंबतो.

तुझा,
काका